वडिलांना ५१ ला अटॅक, भावाला ४४ ला स्टेंट, मग माझं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की वय ३८, वडिलांना ५१ व्या वर्षी हार्ट अटॅक येऊन गेला, आता मागच्या महिन्यात मोठ्या भावाला ४४ व्या वर्षी स्टेंट टाकला, आईला पन्नाशीपासून शुगर, तुमचं स्वतःचं वजन बरोबर, सिगारेट नाही, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल १४८, उपाशीपोटीची शुगर १०४, आणि रिपोर्टवर काहीच ठळक अक्षरात आलेलं नाही म्हणून सगळं नॉर्मल. आणि विचारताय दोन गोष्टी. हे जर रक्तातच असेल तर पथ्य-व्यायाम करून फरक काय पडणार, आणि जेनेटिक टेस्ट करून टाकू का एकदाची.

मी गेली २४ वर्षं मेडिसिनची ओपीडी करतोय, त्यातला निम्मा वेळ बीपी-शुगर-कोलेस्टेरॉलमध्येच जातो, त्यामुळे हा प्रश्न मला आठवड्यातून दोनतीनदा तरी येतोच, बहुतेक वेळा घरात कोणाचा तरी स्टेंट ताजा असताना. उत्तर लांबणार आहे, सवडीने वाचा.

पहिलं म्हणजे "फॅमिली हिस्टरी आहे का" याला हो किंवा नाही असं उत्तर देऊन माझं काही भागत नाही. फॉर्मवर टिक करायला चौकोन असतो तेवढंच. मला तीन गोष्टी लागतात, कोणाला झालं, कितव्या वर्षी झालं आणि नक्की काय झालं. त्यात वय सगळ्यात महत्त्वाचं. आजोबा ८२ व्या वर्षी अटॅकने गेले ही माझ्यासाठी फॅमिली हिस्टरी नाहीच, ८२ हे वयच तसं आहे. पण वडील किंवा भाऊ ५५ च्या आत, आई किंवा बहीण ६५ च्या आत, असं असेल तर मी पेन खाली ठेवून नीट ऐकायला लागतो. बायकांची रेषा दहा वर्षं पुढे कारण त्यांना हा आजार एरवीच उशिरा होतो, म्हणून ६० व्या वर्षी आईला झालेला अटॅक हा "लवकरचा" धरायचा, बरेच लोक तो सोडून देतात.

या वयाच्या रेषेमागे भक्कम पुरावा आहे. स्वीडनमध्ये जुळ्यांची मोठी नोंदवही आहे, त्यातल्या २१ हजार जुळ्यांचा २६ वर्षांचा हिशोब १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुषांमध्ये जुळा भाऊ ५५ च्या आत हृदयविकाराने गेला असेल तर उरलेल्याचा धोका, ज्यांचा जुळा भाऊ तसा गेला नाही त्यांच्या मानाने, एकसारख्या जुळ्यांत ८ पट आणि साध्या जुळ्यांत जेमतेम ४ पट. दोघंही एकाच घरात वाढलेले, एकाच ताटातलं खाल्लेले, फरक फक्त जनुकं सगळी सारखी की निम्मी सारखी इतकाच. आणि जुळा जितका उशिरा गेला तितका हा आकडा खाली खाली येत गेला. म्हणजे लवकर होणाऱ्या आजारात जनुकांचा हात मोठा, म्हातारपणीच्या आजारात वय आणि आयुष्यभराच्या सवयी यांचा मोठा. दत्तक गेलेल्या मुलांवरही तिथे काम झालंय, त्यात जन्मदात्या आईवडिलांना हृदयविकार असेल तर मुलाचा धोका वाढलेला दिसला, वाढवणाऱ्या आईवडिलांच्या आजाराने तसा काही वाढला नाही.

तुमच्या बाबतीत वडील ५१ आणि भाऊ ४४, म्हणजे दोघंही रेषेच्या आत. त्यातही भावाचं मला जास्त टोचतं. वडिलांचा काळ वेगळा, त्यांच्या सवयी वेगळ्या, पण भाऊ तुमच्याच पिढीचा, तुमच्यासारखंच बालपण. आता तुम्ही म्हणाल वडील दिवसाला दोन पाकिटं ओढायचे, मग ते सिगारेटमुळे झालं, आमच्यात तसं काही नाही. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय! अहो, दोन पाकिटं ओढणारे कितीतरी लोक सत्तरीपर्यंत धडधाकट असतात, ५१ ला अटॅक यायला बहुतेक वेळा सिगारेटच्या जोडीला आणखी काहीतरी लागतं, आणि ते काहीतरी निम्म्या वाट्याने तुमच्याकडे आलेलं असू शकतं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावाचा जो प्रसिद्ध अभ्यास आहे त्यात आईवडिलांपैकी एकाला लवकर हृदयविकार झालेल्या मुलग्यांचा धोका साधारण दुप्पट निघाला, आणि तो त्यांची स्वतःची सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल सगळं हिशोबात धरून झाल्यावर.

आता "नक्की काय झालं" याबद्दल, आणि इथे मी स्वतः माती खाल्लेली आहे. प्रॅक्टिसच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी एक ३६ वर्षांचे गृहस्थ छातीत भरून येतं म्हणून आले, ईसीजी साधा, मी विचारलं घरात कोणाला हार्टचा त्रास, ते म्हणाले छे, कोणाला नाही, मी केसपेपरवर लिहिलं "काही नाही" आणि ॲसिडिटीची गोळी देऊन पाठवलं. दहा दिवसांनी अटॅक घेऊनच आले. वाचले. वॉर्डात त्यांची बहीण भेटायला आली तेव्हा तिला सहज विचारलं, तर म्हणाली काका ४१ व्या वर्षी बाथरूममध्ये पडून गेले, आजी झोपेतच गेली पण तेव्हा तिचं वय पन्नाशीसुद्धा नव्हतं, आणि वडील तर अपघातात गेले, म्हणजे त्यांचं पुढे काय झालं असतं ते कळायलाच मार्ग नाही. आमच्या पेशंटच्या दृष्टीने यातलं एकही "हार्ट" नव्हतं. बाथरूममध्ये पडले, झोपेत गेले, गॅसेस वर चढले, अशा शब्दांच्या मागे काय काय लपलेलं असतं. तेव्हापासून मी "हार्टचा त्रास आहे का" असं विचारतच नाही, मी विचारतो घरात साठीच्या आत कोण कोण गेलं आणि कसे गेले, आणि शक्यतो घरातल्या एखाद्या बाईला विचारतो, वंशावळ बायकांना पाठ असते.

त्याच पेशंटचं पुढे. एलडीएल २६२. आणि मी त्यांची टाचेच्या वरची ती जाड दोरीसारखी नस, अकिलीस टेंडन, बोटाच्या चिमटीत धरून पाहिली तर ती माझ्या अंगठ्याएवढी जाड, मध्येच गाठीगाठी. बुबुळाभोवती पांढुरकी कडा, जी म्हाताऱ्यांमध्ये दिसते, ती ३६ व्या वर्षी. हे सगळं ॲसिडिटीची गोळी लिहून दिली त्या दिवशीही तिथेच होतं, मी बूट काढायला सांगितले नव्हते.

याला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात, एफएच म्हणू. वाटतो तितका दुर्मिळ नाही, साधारण २५० माणसांत एक. आपल्या लिव्हरच्या पेशींवर एलडीएल पकडून आत ओढणारे रिसेप्टर असतात, ते बनवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असते, म्हणजे कचरा उचलणाऱ्या गाड्या निम्म्याच, मग रस्त्यावर कचरा साठणारच. हे रिसेप्टर शोधल्याबद्दल आणि सगळं कोडं सोडवल्याबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टीन या दोघांना १९८५ चं नोबेल मिळालं. दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर, साधारण तीन लाखांत एखादं मूल, त्याला शाळेच्या वयातच हृदयविकार होऊ शकतो. एकच प्रत बिघडलेल्या पुरुषांवर उपचार झाले नाहीत तर पन्नाशीपर्यंत जवळपास निम्म्यांना हृदयविकार होतो. आणि बाहेरून काही दिसत नाही, बारीक असतात, पथ्य करणारे असतात, मीटरवर शुगर छान असते. प्रत्येक मुलाला तो जाण्याची शक्यता निम्मी, नाणं उडवल्यासारखी. त्या गृहस्थांच्या ११ वर्षांच्या मुलीचं रक्त तपासलं, एलडीएल २१४. धाकट्या मुलाचं ९०. आईला रडू आवरेना, पण मी तिला म्हटलं की या सगळ्या घराण्यात ही पहिली आहे जिला ११ व्या वर्षी कळलंय, काकांना ४१ व्या वर्षीसुद्धा कळलं नव्हतं. आज ती तिशीत आहे, गोळी चालू आहे, हृदयाच्या नळ्या स्वच्छ आहेत.

मोठ्या माणसात गोळी चालू नसताना एलडीएल १९० च्या वर असेल तर एफएचचा विचार करायचाच. तुमचं १४८ आहे त्यामुळे तुमच्यात हे असण्याची शक्यता कमी वाटते, भावाचं वेगळं पाहावं लागेल, त्यावर शेवटी येतो.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे, रक्तातच असेल तर उपयोग काय. याचं मला सगळ्यात आवडणारं उत्तर पीसीएसके९ नावाच्या जनुकात आहे. २००३ मध्ये फ्रान्समधल्या काही कुटुंबांत कोलेस्टेरॉल भयंकर वाढलेलं होतं, त्यांच्यात हे जनुक गरजेपेक्षा जास्त काम करताना सापडलं, ते काय करतं तर वर सांगितलेले रिसेप्टर मोडून टाकतं. मग अमेरिकेत डॅलसच्या संशोधकांनी उलटा विचार केला की हे जनुक जन्मतःच बंद असलेले लोक असतील का, आणि सापडले. एका मोठ्या अभ्यासातल्या कृष्णवर्णीय लोकांपैकी अडीचेक टक्के. त्यांचं एलडीएल बाकीच्यांपेक्षा २८ टक्के कमी, म्हणजे साधारण ३८ पॉइंट, आणि १५ वर्षांत हृदयविकार ८८ टक्के कमी, तेही त्यांच्यातल्या कित्येकांना बीपी होतं, कित्येक सिगारेट ओढायचे तरी. अशी माणसं शंभराच्या आतच होती म्हणून त्या ८८ ला चिकटून बसू नका, पण दिशा बघा. स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीने एलडीएल तेवढंच, ३९ पॉइंटने, उतरवलं की पाचेक वर्षांत अटॅक-लकवा वगैरे कमी होतात साधारण २२ टक्क्यांनी.

एलडीएलमधला फरक तेवढाच, मग फायद्यात एवढी तफावत कशाला? कारण त्या लोकांचं एलडीएल पाळण्यात असल्यापासून कमी होतं आणि गोळीवाल्यांचं पंचावन्नाव्या वर्षी कमी केलं. नळीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल चक्रवाढ व्याजासारखं चढतं, मुद्दल छोटं असलं तरी वर्षं जास्त झाली की बोजा मोठा. म्हणून लवकरच्या फॅमिली हिस्टरीचा माझ्या लेखी अर्थ एवढाच की घड्याळ लवकर लावायचं. शेजारच्या माणसाने पन्नाशीत जे सुरू केलं तरी चालेल ते तुम्ही आता ३८ ला सुरू करायचं. शेवट काय होणार हे त्यातून कळत नाही, सुरुवात कधी करायची हे मात्र कळतं. (पीसीएसके९ अडवणारी इंजेक्शनं २०१५ पासून मिळायला लागली. १२ वर्षांत जनुकापासून औषधापर्यंत, आमच्या क्षेत्रात हा विक्रमच म्हणायचा.)

आणि सवयींचा फरक पडतो की नाही याचंही थेट मोजमाप आहे. २०१६ मध्ये ५५ हजारांवर लोकांमध्ये हृदयविकाराशी जोडलेल्या जनुकांमधल्या ५० जागा तपासून जनुकीय धोका काढला, सगळ्यात वरच्या पाचव्या हिश्श्यातल्या लोकांना खालच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा ९१ टक्के जास्त धोका. पण त्या वरच्यांमध्येच ज्यांनी चारपैकी तीन गोष्टी पाळल्या, सिगारेट नाही, लठ्ठपणा नाही, नियमित व्यायाम, बरा आहार, त्यांचा धोका न पाळणाऱ्यांपेक्षा ४६ टक्के कमी. जवळपास निम्मा. आणि खालच्या हिश्श्यातले जे बेफिकीर राहिले त्यांनी जनुकांनी दिलेली सवलत बऱ्यापैकी घालवली. त्यामुळे "रक्तातच आहे" म्हणून हात टेकणारे आणि "आमच्याकडे कोणालाच नाही" म्हणून निर्धास्त राहणारे, दोघांवरही माझा सारखाच राग आहे.

एक टेस्ट आहे जी तुम्ही नक्की करावी असं माझं मत, लायपोप्रोटीन-ए. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये शोधलेलं, म्हणजे साठीच्या पुढचं संशोधन, तरी अजून निम्म्या पेशंटांनी नावही ऐकलेलं नसतं. एलडीएलच्याच कणाला एक चिकट शेपूट जोडलेली अशी कल्पना करा. याची पातळी जवळपास पूर्ण आईबापांकडून येते, लहानपणीच ठरते आणि मग आयुष्यभर साधारण तिथेच राहते, पथ्याने हलत नाही, व्यायामाने हलत नाही, स्टॅटिनने उतरत नाही. पाचातल्या एकात ती वाढलेली असते, ५० मिलिग्रॅमच्या वर किंवा दुसऱ्या एककात १२५ नॅनोमोलच्या वर, रिपोर्टवर एकक कुठलं आहे ते बघा नाहीतर उगाच घाबराल किंवा उगाच निश्चिंत व्हाल. आयुष्यात एकदा करायची, पुन्हा पुन्हा करण्यात अर्थ नाही. आणि जिथे घरात सगळ्यांचं कोलेस्टेरॉल बरं असून एकामागोमाग एक चाळिशीत आडवे होतात तिथे बऱ्याचदा हीच बया निघते. तुमच्या घराचं वर्णन वाचून माझ्या डोक्यात पहिलं हेच आलं. वाढलेली निघाली तर काय करायचं? खास तिच्यावरच्या औषधांच्या मोठ्या चाचण्या चालू आहेत, तोवर बाकी सगळं, एलडीएल, बीपी, शुगर, इतरांपेक्षा जास्त घट्ट आवळायचं.

एचडीएलचं मात्र मनाला लावून घेऊ नका. "आमच्या घरात सगळ्यांचं चांगलं कोलेस्टेरॉल कमी" म्हणून लोक हवालदिल होऊन येतात. इटलीत लिमोने नावाच्या गावात काही कुटुंबांत जनुकातल्या एका बदलामुळे एचडीएल खूपच कमी असतं आणि त्यांच्या नळ्या ठणठणीत. उलट जनुकांमुळे एचडीएल जन्मभर जास्त असलेल्यांना त्याचा फारसा फायदा झालेला दिसला नाही. कमी एचडीएल बरेचदा वाढलेल्या ट्रायग्लिसराइड (रक्तातली दुसरी चरबी) आणि पोटाच्या घेराची सावली असते, त्यामुळे लक्ष घेराकडे द्या.

आता आईची शुगर. एका पालकाला टाइप २ डायबिटीस असेल तर मुलाला आयुष्यात कधीतरी होण्याची शक्यता साधारण ४० टक्के, दोघांनाही असेल तर ७० च्या आसपास. इथे एफएचसारखं एकच जनुक नसतं, शेकडो जागी बारीक बारीक फरक असतात, प्रत्येकाचा धक्का अगदी हलका, सगळे मिळून माणूस ढकलला जातो. त्यातला जरा दमदार धक्का देणारा टीसीएफ७एल२, आइसलंडच्या लोकांनी २००६ मध्ये शोधला. अमेरिकेत शुगरच्या काठावरच्या ३,२३४ लोकांवर जी मोठी चाचणी झाली, २००२ ची, तिच्यात थोडं वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम यांनी डायबिटीस ५८ टक्के कमी झाला, मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीने ३१ टक्के. मग त्याच लोकांमध्ये हे जनुक तपासलं, काहीच न करणाऱ्या गटात दोन्ही प्रती खराब असलेल्यांना डायबिटीस ८० टक्के जास्त होत होता, आणि व्यायामवाल्या गटात तो फरक जवळजवळ पुसला गेला. जनुक तेच, पण त्याला काम करायला जागाच राहिली नाही.

तुमची उपाशीपोटीची १०४ आहे, ती नॉर्मल नाही हे आधी डोक्यात घ्या. अमेरिकन मोजपट्टीने १०० च्या पुढे काठावरची, जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीने ११० पासून पुढे, लॅब कुठली पट्टी छापते त्यावर तुमचा आकडा ठळक होतो की नाही ते ठरतं. आईला पन्नाशीत शुगर झालेल्या ३८ वर्षांच्या माणसात मी १०४ ला सोडणार नाही, एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट, करा. गरोदरपणात कोणा बहिणीला शुगर निघाली होती का तेही विचारा, ती बाळंतपणानंतर "गेली" म्हणून घरातले विसरतात, पण ती घराण्याचीच खूण असते.

आणि वजन बरोबर म्हणताय ना, त्याबद्दल एक फोटो आठवतो. २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांनी शेजारी शेजारी उभं राहून काढलेला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र एकाच्यात ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्यात २१.२. वजनकाट्याला दोघं सारखेच. म्हणून मी टेप काढतो आणि बेंबीच्या पातळीला घेर मोजतो, लोक श्वास आत ओढतात ती गंमत वेगळी. उलट बाजूने "आमचं हाडच जाड" म्हणणाऱ्यांना सांगायचं तर लठ्ठपणाचं जे सगळ्यात गाजलेलं जनुक, एफटीओ, २००७ चं, त्याच्या दोन्ही प्रती असलेल्यांचं वजन सरासरी ३ किलोने जास्त भरतं. तीनच किलो. बाकीचं बाकीच्या जनुकांचं आणि आपलं.

आता जेनेटिक टेस्ट. माझं मत सरळ सांगतो, तुमच्या प्रश्नाला घरी थुंकी पाठवून करायची टेस्ट हे उत्तर नाही. या किट ठरावीक थोड्या जागा वाचतात, आणि एफएचच्या एकाच एलडीएल रिसेप्टरच्या जनुकात हजारांवर वेगवेगळे बिघाड सापडलेत, त्यामुळे किटने "नाही" म्हटलं तर त्याचा अर्थ तुमच्यात नाही असा होत नाही. दुसरा प्रकार म्हणजे लाखो जागांची बेरीज करून काढलेला स्कोअर, २०१८ मध्ये ६६ लाख जागांचा असा स्कोअर काढून दाखवला की लोकसंख्येतल्या ८ टक्के लोकांचा धोका बाकीच्यांच्या तिप्पट आहे, कल्पना भन्नाट आहे, पण हे स्कोअर मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवर बेतलेले, बाकीच्यांवर ते तितके नीट बसत नाहीत. शिवाय लोकांना त्यांचा जनुकीय धोका सांगितला तर ते सिगारेट सोडतात किंवा चालायला लागतात का, हे पाहिलं गेलंय. नाही लागत.

पण काही ठिकाणी जेनेटिक टेस्ट सोन्यासारखी असते. एफएचचा दाट संशय असेल तर एका माणसाचा नेमका बिघाड शोधायचा आणि मग बाकी घरात फक्त तोच तपासायचा. किंवा हे उदाहरण बघा. २४ वर्षांची सडपातळ मुलगी, शाळेत असल्यापासून उपाशी शुगर ११५ ते १२५, कधी पुढे गेली नाही कधी मागे आली नाही, आईची तशीच, आजीची तशीच, आणि तीन तीन गोळ्या चालू. तीन पिढ्या, लहान वयापासून, बारीक अंग, हे वाचून कोणीही थांबायला हवं होतं. टेस्टमध्ये जीसीके जनुकातला बदल निघाला, मोडीचा (MODY, एकाच जनुकातल्या बिघाडाने लहान वयात होणारा डायबिटीस) एक प्रकार, म्हणजे शरीराचा थर्मोस्टॅटच थोडा वर लावलेला. याला गरोदरपण सोडलं तर सहसा औषध लागतच नाही. तिच्या गोळ्या बंद केल्या, आईच्याही. शुगर होती तिथेच राहिली. एचएनएफ१ए नावाचा दुसरा प्रकार असतो त्यात कित्येकांचं इन्सुलिन बंद करून जुन्या स्वस्त सल्फोनिलयुरिया गोळीवर भागतं.

आणि घरात कोणी तरुण माणूस खेळताना, पोहताना किंवा एकदम दचकून कोसळून गेलं असेल तर ते वेगळं प्रकरण, त्याला नळ्यांचा अटॅक समजून कोलेस्टेरॉल तपासत बसू नका. हृदयाचा स्नायू जन्मजात जाड होण्याचा आजार ५०० त एकाला असतो, लाँग क्यूटीसारखे विजेचे बिघाड असतात, तिथे सख्ख्या नातेवाइकांचा ईसीजी आणि इको लगेच करायचा.

तुमच्यासाठी मी काय करीन ते सांगतो. लायपोप्रोटीन-ए एकदा, एचबीएवनसी, बीपी घरच्या मशीनवर आठवडाभर, पोटाचा घेर. नेटवरच्या दहा वर्षांच्या रिस्क कॅल्क्युलेटरवर विसंबू नका, ब्रिटिश कॅल्क्युलेटर घरची हिस्टरी विचारतो पण अमेरिकेतला २०१३ चा विचारतच नव्हता आणि तो ४० च्या आतल्यांसाठी नव्हताही, आणि ३८ व्या वर्षी कुठलाही आकडा तुमच्या वयामुळेच छोटा येतो. हे रिपोर्ट आले की तुमच्या डॉक्टरांशी बसून एलडीएल १४८ वर गोळी आत्ता सुरू करायची का ते ठरवा, निर्णय होत नसेल तर कॅल्शियम स्कोअरचा, म्हणजे हृदयाच्या नळ्यांत साठलेलं कॅल्शियम मोजणारा, सीटी करून ठरवता येतं, त्यात काही निघालं तर प्रश्न मिटला, शून्य आला तर ३८ व्या वर्षी शून्य येणं स्वाभाविक आहे म्हणून त्यावर फार उड्या मारू नका. मुलं असतील तर त्यांचं कोलेस्टेरॉल ९ ते ११ वर्षांच्या दरम्यान एकदा, भावाला एफएच निघाला तर त्याच्या मुलांचं त्याआधीच, दोन वर्षांच्या पुढे कधीही करता येतं.

आणि आज संध्याकाळी भावाला फोन करा. त्याचा स्टेंटनंतरचा लिपिड रिपोर्ट नकोय, गोळी चालू झाली की एलडीएल निम्म्यावर येतं आणि अटॅक आला असेल तर त्या दिवसांत ते आपोआपही खाली जातं, त्यावरून काही कळत नाही. स्टेंटच्या आधीचा हवाय, दोनतीन वर्षांपूर्वी ऑफिसने केलेलं चेकअप, इन्शुरन्सचं मेडिकल, काहीतरी फाइलमध्ये असेलच. तो आकडा १९० च्या वर निघाला तर मला इथेच कळवा, मग तुमच्या घराची तपासणी वेगळ्या क्रमाने करावी लागेल. आणि फोनवर आहातच तर त्याला बूट-मोजे काढून टाचेच्या वरची नस चिमटीत धरून बघायला सांगा.